रेघ आणि कात्री : जानफ्रांको फेरे यांची रेखाटने

कपड्यांच्या चित्रांवर समीक्षा? हा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल आणि तो रास्तच आहे. दिवाळी अंकात कवितेची समीक्षा चालते, नाटकाची चालते, फार तर एखाद्या थोर चित्रकाराच्या चित्रांची चालते. शिंप्याच्या दुकानात भिंतीला चिकटवलेल्या फॅशनबुकाच्या पानांकडे मात्र आपण 'असला गळा हवा' म्हणून बोट ठेवण्यापलीकडे कधी पाहत नाही. मीही उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. पाहायला लावले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. त्यात माझी एक जुनी चूक गुंतलेली आहे, ती आधी सांगून टाकतो.

गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. गणिताचे सर रजेवर होते, म्हणून नववीच्या वर्गावर भूमितीचा तास घ्यायला मला पाठवले होते. मी मराठीचा माणूस. प्रमेये शिकवण्यापेक्षा वह्या तपासलेल्या बऱ्या, असा विचार करून मी वह्या मागवल्या. एका मुलीच्या वहीची मागची पंधरा-वीस पाने फ्रॉक, झगे आणि नाना तऱ्हेच्या बाह्यांनी भरलेली होती. मुलगी गावातल्या शिंप्याची. मी ती वही वर्गासमोर उंच धरली आणि विचारले, "ही भूमितीची वही की वडिलांच्या दुकानाची पाटी?" वर्ग खो खो हसला. ती पाने मी तिलाच फाडायला लावली.

ती मुलगी आज बंगळूरला तयार कपड्यांच्या एका कारखान्यात पॅटर्न काढण्याच्या खात्याची प्रमुख आहे. यंदा गणपतीला गावी आली तेव्हा शाळेत डोकावली आणि माझ्या टेबलावर एक जाडजूड पुस्तक ठेवून म्हणाली, "सर, सावकाश बघा. दिवाळीला आले की नेते." दाराशी जाऊन थबकली आणि म्हणाली, "हा माणूस आर्किटेक्ट होता, सर. भूमितीवाला."

पुस्तक होते जानफ्रांको फेरे या इटालियन डिझायनरच्या रेखाटनांचे. पानांत तिने जपून ठेवलेल्या काही झेरॉक्स प्रती होत्या. त्या होत्या तांत्रिक आकृत्यांच्या, आणि त्यांनीच माझे डोळे उघडले. पण तो भाग पुढे.

फेरे यांचा जन्म १५ ऑगस्ट १९४४ चा, मिलानजवळच्या लेन्यानो या गावचा. (तारीख आपल्या लक्षात राहण्यासारखी आहे!) लेन्यानो हे सूतगिरण्यांचे आणि कापडाचे गाव. म्हणजे कापड या माणसाने लहानपणापासून पाहिलेले. पण शिक्षण घेतले ते घरे बांधण्याचे. १९६९ साली मिलानच्या पोलितेक्निकोतून वास्तुशास्त्राची पदवी घेऊन ते बाहेर पडले आणि वळले ते दागिने, पट्टे असल्या वस्तू घडवण्याकडे. घर त्यांनी बांधले नाही. पुढे १९७८ मध्ये फ्रांको मात्तिओली या उद्योजकाच्या भागीदारीत स्वतःच्या नावाची संस्था काढली. १९८९ मध्ये पॅरिसच्या दिओर या ख्यातनाम पेढीची कलासूत्रे त्यांच्या हाती आली आणि १९९६ पर्यंत राहिली. १७ जून २००७ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने मिलानमध्ये त्यांचा मृत्यू झाला. 'फॅशनचा वास्तुविशारद' ही पदवी त्यांच्या नावाला इतकी चिकटली की ती लावल्यावर पुढे विचार करायची गरजच कोणाला वाटली नाही. समीक्षकांची ही जुनी खोड आहे. आपल्याकडेही एखाद्या कवीला 'निसर्गकवी' म्हटले की त्याची सुटका नसते.

आता चित्रांकडे वळू. फेरे यांचे रेखाटन पहिल्या नजरेत ओळखू येते. चित्र सुरू होते खांद्यांपासून. एक रुंद, जवळजवळ आडवी रेघ, तिच्या दोन्ही टोकांकडून कंबरेकडे झेपावणाऱ्या दोन तिरक्या रेघा, म्हणजे टोकावर उभा केलेला त्रिकोण. कंबर मुठीत मावेल एवढी. तिच्याखाली पाय, आणि पाय म्हणजे तरी काय, संपता संपत नाहीत अशा दोन निमुळत्या होत गेलेल्या रेघा. डोके लहान, किंचित कललेले. चेहरा बहुधा नाहीच, असलाच तर केसांचा एक फटकारा किंवा ओठांचा ठिपका. हात कमरेवर, नाही तर खिशात. कुठे पेन्सिल, कुठे जाड टोकाचे पेन, वर पेस्टलचा किंवा रंगाचा हात. सारे काही झपाट्याने उरकलेले. एखाद्या वाक्पटू माणसाने चार शब्दांत व्यक्तीचे वर्णन करावे, तसे.

ही चित्रे देखणी आहेत यात वाद नाही. दोन संध्याकाळी मी ती केवळ देखणी म्हणून पाहिली. तिसऱ्या संध्याकाळी मात्र कंटाळा आला, आणि तो का आला हे मी स्वतःला विचारले. चाळीस पानांनंतर जाणवते की बाई तीच आहे. तेच खांदे, तीच कंबर, तोच उद्दामपणा. या बाईला वय नाही, पोट नाही, ती बसत नाही, वाकत नाही, तिच्या कडेवर मूल येणे शक्य नाही. साडेसात डोक्यांच्या बाईला अकरा डोक्यांची उंची दिली की कोणतेही वस्त्र शोभते, त्यात वस्त्राचे कर्तृत्व किती? आपल्या शाळेतील चित्रकलेचे सर मुलांना सांगतात की माणसाच्या उंचीत त्याचे डोके साधारण सात-साडेसात वेळा बसते. हे प्रमाण मोडण्याचा हक्क चित्रकाराला आहेच. पण फॅशनच्या चित्रात तो हक्क इतका सर्रास वापरला जातो की ती एक आळशी सवय होऊन बसते. या सवयीतून फेरेही सुटलेले नाहीत. त्यांच्या थोरवीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे मान्य करायला हरकत नसावी.

मग थोरवी कशात? इथे त्या झेरॉक्स प्रती कामाला आल्या.

प्रत्येक रेखाटनाला एक जोडीदार असतो, तांत्रिक आकृती. तिच्यात बाई नाही. खांदे रुंदावलेले नाहीत, पाय लांबवलेले नाहीत. टेबलावर घडी उलगडून ठेवावा तसा कपडा कागदावर सपाट पडलेला असतो, पुढून आणि मागून. मुंढा कुठे सुरू होतो, बाही किती रुंद, कॉलरची पट्टी कुठे वळते, काजे किती, शिवण कुठून कुठे जाते, हे सारे मोजून-मापून दाखवलेले. बाजूला कापडाविषयी, बटणांविषयी बारीक अक्षरात टिपणे. घर बांधणाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर रेखाटन म्हणजे इमारतीचा दर्शनी भाग आणि ही आकृती म्हणजे प्लॅन. दर्शनी भाग पाहून गिऱ्हाईक खूश होते. गवंडी मात्र प्लॅनच मागतो.

मी एक रेखाटन आणि त्याच्या शर्टाची आकृती शेजारी ठेवून पाहिली. रेखाटनात शर्टाची कॉलर पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी मानेमागे उभी आहे. ती तशी कशी उभी राहील, याचा पत्ता त्या फटकाऱ्यात लागत नाही. तो नुसता झोक आहे. आकृतीत तीच कॉलर म्हणजे एक लांबोळा, एका बाजूने वक्र केलेला तुकडा आहे. तो वक्र किती, यावर सगळी मदार. तो वक्र थोडा कमी झाला तर पंख मिटतील, जास्त झाला तर लोंबतील. रेखाटनातली ऐट आणि आकृतीतला तो सुतासारखा वक्र, दोन्ही एकाच माणसाच्या हातचे. पहिल्यात तो वचन देतो आणि दुसऱ्यात ते कसे पाळायचे हे सांगतो. नुसते वचन देणारे डिझायनर रग्गड आहेत. आणि आता मागे वळून पहिले रेखाटन पाहिले की त्यातली प्रत्येक रेघ वेगळी दिसू लागते. मघाशी हवेत मारलेली वाटलेली रेघ खरे तर शिवण होती. खांद्यावरचा तो तिरका फटकारा म्हणजे उरेब कापलेल्या कापडाची दिशा होती. घाई दिसत होती, पण ती उत्तर आधी ठाऊक असलेल्या माणसाची घाई होती.

आपल्या भागातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी, असे आपण पिढ्यान् पिढ्या जगत आलो. एकच गोष्ट दोन भाषांत सांगता आली म्हणजे ती खरी समजलेली असते, हा आपला अनुभव आहे. जी एकाच भाषेत सांगता येते, तिच्यात पुष्कळदा शब्दांचीच मौज जास्त असते.

फेरे यांना या दुहेरी भाषेची गरज का पडली, याला इतिहास आहे. पॅरिसच्या जुन्या पेढ्यांमध्ये डिझायनर आणि शिवणारे हात एकाच छपराखाली असत. मादलेन व्हिओने ही थोर फ्रेंच बाई तर कागदाला फारसा हातच लावत नसे. लाकडाच्या लहानशा बाहुलीवर कापड गुंडाळून, टोचून, उरेब सोडून तिचा पोशाख जन्माला येई. शेजारच्या खोलीत शिवणाऱ्या बायका असल्या की चित्राची गरज काय? हाक मारली की काम झाले. इटलीत १९७० नंतर जे घडले ते निराळे. मिलान हे तयार कपड्यांचे केंद्र झाले. डिझायनर मिलानमध्ये आणि कपडा तयार होणार दुसऱ्याच गावच्या कारखान्यात. जॉर्जो आर्मानी यांची संस्था १९७५ ची, जान्नी व्हेर्साचे यांचे दुकान १९७८ चे, फेरे यांची संस्थाही १९७८ चीच. कारखान्यातल्या कापणाऱ्याला डिझायनरचा हातवारा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो कागद. तेव्हा कागदाला बोलता आले पाहिजे. या तिघांपैकी कागदाला इतके स्पष्ट बोलायला लावणारा फेरे यांच्यासारखा दुसरा मला दिसत नाही. आर्मानी वैद्यकी अर्धवट सोडून आलेले, व्हेर्साचे शिवणकाम करणाऱ्या आईच्या दुकानात वाढलेले. कागदावर इमारत उभी करण्याचे रीतसर शिक्षण एकट्या फेरे यांचे.

आता हिंदुस्थानचा संबंध. तो ओढूनताणून आणलेला नाही. १९७३ मध्ये जेनोआच्या एका रेनकोट बनवणाऱ्या कंपनीच्या कामासाठी फेरे भारतात आले आणि १९७७ पर्यंत पुन्हा पुन्हा येत राहिले, दीर्घ मुक्काम करत राहिले. इथल्या कापडाच्या आणि शिवणाच्या कामात ते गुंतले. इथे आपण साधेपणा शिकलो, असे त्यांनी पुढे वेळोवेळी सांगितले. आयताकृती कापडाचा एक तुकडा, त्याला कात्री नाही, शिवण नाही, आणि तरीही त्याचे परिपूर्ण वस्त्र होते, याचे त्यांना नवल वाटले. आपल्याला ते वाटत नाही, कारण आपण ते रोज दोरीवर वाळत घातलेले पाहतो. नऊवारी लुगडे म्हणजे भूमितीच्या भाषेत निव्वळ एक लांबलचक आयत. त्याला ओचा, निऱ्या, कासोटा, पदर हे आकार देते ती नेसणारी. इरकलीचा (कानडीत इलकलचा) काठ आणि पदर मागावरच ठरलेला असतो, पण त्याचा घाट अंगावर चढल्याशिवाय ठरत नाही. शिवलेल्या कपड्यात आकार शिंपी देतो, न शिवलेल्यात तो नेसणारीच्या हातात असतो.

मी मोठ्या उत्सुकतेने रेखाटनांत हा हिंदुस्थान शोधू लागलो. सापडला का? भलत्याच ठिकाणी सापडला.

जिथे तो असायला हवा तिथे तो मला भावला नाही. दिओरसाठी फेरे यांनी केलेला शेवटचा मोठा संग्रह १९९६ च्या हिवाळ्यासाठीचा, त्याचे नावच 'पॅशन इंदियेन', म्हणजे हिंदुस्थानचे वेड. या वेडात झळाळी आहे, भरजरी नक्षी आहे, राजवाडे आहेत. पण हा हिंदुस्थान पॅरिसला अगोदरपासून पाठ होता. तो पाहायला इथे चार वर्षे येण्याची गरज नव्हती. पाहुण्याने आपल्या घरी येऊन, जेवून, आठवण म्हणून दिवाणखान्यातल्या झुंबराचेच कौतुक करावे, तसे वाटले.

खरा हिंदुस्थान आहे तो पांढऱ्या शर्टात. पांढरा शर्ट हा फेरे यांचा आयुष्यभराचा विषय. त्यांनी तो जितक्या तऱ्हांनी केला तितक्या तऱ्हांनी क्वचितच कोणी केला असेल. पॉपलिनमध्ये, ऑर्गंझात, टॅफेटात. कधी कफ कोपरापर्यंत चढवला, कधी कॉलर खांद्यावरून उतरवली. रेखाटनात या शर्टांचे नुसते नाट्य दिसते. सपाट आकृतीत मात्र शर्टाचा पाठीचा भाग कित्येकदा चक्क आयत निघतो. बाही म्हणजे दुसरा आयत. फुगारा, चुणी, घोळ हे सारे त्या आयताला बांधून, गुंडाळून, खोचून येते. म्हणजे कात्री कमीत कमी आणि नेसण्याचे तंत्र जास्तीत जास्त. चित्रात कुठेही काठ-पदर नाही, मोर नाही, कमळ नाही, पण कापडाकडे पाहण्याची रीत लुगड्याची आहे. इथून नेलेली जी गोष्ट त्यांनी चित्रात दाखवली नाही, तीच त्यांच्या हाडीमासी भिनली, असे माझे मत आहे. ते फार तर एका हेडमास्तरचे मत म्हणून सोडून द्यावे. पण दोन आकृत्या शेजारी ठेवल्याशिवाय सोडू नये!

दिओरच्या काळातील रेखाटनांविषयी थोडे. १९८९ मध्ये बेर्नार आर्नो यांनी मार्क बोआं यांच्या जागी फेरे यांना आणले, तेव्हा फ्रेंचांच्या भुवया उंचावल्या होत्या. फ्रान्सच्या गादीवर इटालियन! पण त्यात एक योग होता. या पेढीचे संस्थापक ख्रिस्तिआं दिओर यांना स्वतःला वास्तुविशारद व्हायचे होते. घरच्यांनी होऊ दिले नाही. मंदीच्या काळात चित्रांचे दालन बुडाल्यावर त्यांनी पोट भरले ते टोप्यांची आणि पोशाखांची रेखाटने विकून. फेरे यांचा पहिला संग्रह छायाचित्रकार आणि नेपथ्यकार सेसिल बीटन यांना वाहिलेला होता. घोड्यांच्या शर्यतींच्या अ‍ॅस्कॉटची त्यात आठवण होती. 'माय फेअर लेडी' चित्रपटातला अ‍ॅस्कॉटचा प्रसंग बीटन यांनी सजवलेला. ज्या 'पिग्मॅलियन'वरून तो चित्रपट निघाला, त्याच नाटकावरून पुलंनी 'ती फुलराणी' केली, तेव्हा आपल्यालाही तो वारसा अगदीच परका नाही. या संग्रहाला पॅरिसमध्ये सोन्याच्या अंगुस्तान्याचे पारितोषिक मिळाले आणि तोंडे बंद झाली. शिंप्याचे अंगुस्तान सोन्याचे करून बक्षीस म्हणून द्यावे, ही कल्पना मला फार आवडली.

तरी सांगतो, या काळातल्या रेघा मला जड वाटतात. बो म्हणू नका, झालरी म्हणू नका, खांद्यावर लादलेले कापडाचे डोंगर म्हणू नका. पेढी श्रीमंत, शिवणारे हात पॅरिसमधले सर्वोत्तम, तेव्हा कागदाला पूर्वीसारखे काटेकोर बोलण्याची निकड राहिली नसावी. अडचण होती तेव्हा भाषा नेमकी होती. सुबत्ता आली आणि विशेषणे वाढली. आपल्या कित्येक लेखकांचेही असेच झाले आहे. अपवाद आहे, तो १९९२ च्या उन्हाळी संग्रहातील 'पाल्लादिओ' या पोशाखाचा. सोळाव्या शतकातील त्या इटालियन वास्तुविशारदाचे नाव घेतलेला हा पांढरा रेशमी झगा सरळ खाली उतरतो, खांबावरच्या उभ्या खाचांसारख्या चुण्या घेऊन. इथे वास्तुशास्त्र आणि शिवणकला एकमेकांना उपमा देत नाहीत. दोघींची मिळून एक वस्तू झाली आहे.

आता थोडी तक्रार. फेरे यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कामाची प्रदर्शने झाली. पांढऱ्या शर्टांचे एक २०१४ मध्ये प्रातो या कापडाच्या गावातील वस्त्रसंग्रहालयात भरले आणि पुढच्या वर्षी मिलानच्या राजवाड्यात. त्यात शर्टांच्या क्ष-किरण छायाचित्रांसारख्या प्रतिमा तयार करून लावल्या होत्या. डॉक्टर हाड पाहतो तशी शिवण दिसावी, चुणी दिसावी, हा हेतू. मला ही युक्ती पटते, कारण रेखाटन जे लपवते ते ती उघडे करते. पण रेखाटनांच्या बाबतीत सगळीकडे रीत उलटी. अशा पुस्तकांत मानाचे पान त्या बिनचेहऱ्याच्या उंच बाईला मिळते. तांत्रिक आकृती मिळालीच तर कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढी. म्हणजे वचनाला चौकट आणि पूर्ततेला अडगळ. आकृती वाचून प्रत्यक्ष कापणारे, टाके घालणारे हात तर चौकटीच्या आणखी बाहेर. १९७३ ते ७७ या वर्षांत या परदेशी पाहुण्याला आपल्या देशात कापड उलगडून दाखवणारे, त्याच्यासाठी शिवणारे कारागीर कोण होते? त्याने शिकलो म्हटले, पण शिकवणाऱ्यांची नावे कोणत्याही पानावर मला आढळली नाहीत. दोष एकट्या फेरे यांचा नाही. आपण तरी आपल्या लग्नातला शालू विणणाऱ्याचे नाव कधी विचारतो?

२०२१ मध्ये एक चांगली गोष्ट घडली. फेरे यांचा सारा संग्रह, रेखाटने, आकृत्या, कपडे, त्यांच्या वारसांनी मिलानच्या पोलितेक्निकोला दिला आणि तिथे त्यांच्या नावाचे संशोधन केंद्र उभे राहिले. ज्या संस्थेत हा माणूस घरांचे आराखडे काढायला शिकला, तिथेच त्याचे कागद परत गेले. संग्रहालयात गेले असते तर भिंतीवर टांगले गेले असते. विद्यापीठात गेले म्हणजे कोणी तरी विद्यार्थी आकृती आणि रेखाटन शेजारी ठेवून पट्टीने मोजेल, चुकेल, पुन्हा मोजेल, अशी आशा धरता येते.

हा लेख लिहायला बसण्याआधी मी ते पुस्तक घेऊन त्या मुलीच्या वडिलांच्या दुकानात गेलो होतो. आता वय झाले आहे, मशीन मुलगा चालवतो, अण्णा कापणीपुरते बसतात. पंख पसरलेल्या कॉलरचे रेखाटन मी त्यांच्यापुढे धरले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिले आणि म्हणाले, "बाई झकास हाय, सर. पण हात कुठनं घालायचा ह्येच्यात?"

मी झेरॉक्स पुढे केली. अण्णांनी चष्मा खाली घेतला. बोट मुंढ्यावरून फिरले, खांद्याच्या शिवणीवरून मागे गेले, कॉलरच्या त्या वक्रावर येऊन थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग टेबलावरच्या वर्तमानपत्रावर खडूने तोच वक्र काढला, पुसला, जरा उथळ करून पुन्हा काढला.

"दोन्ही एकानंच काडल्यात?"

"एकानंच, अण्णा."

"मग ह्येला शिवाय येतंय, सर," ते म्हणाले, आणि खडू कानामागे अडकवून मुलीची चौकशी करू लागले, दिवाळीला कधी येणार म्हणून.